अडतीस मिनिटांचा फेरा

मोंतेसोर्दोच्या नगरपालिकेने गावात पायी फिरण्याचे तीन मार्ग आखायचं ठरवलं, तोवर गावात पायी फिरणारी माणसं संपत आली होती. सहाशे वर्षांपूर्वी शत्रूला चढता येऊ नये म्हणून ज्यांनी टेकडीच्या टोकावर गाव वसवलं, त्यांचा हेतू उशिरा का होईना, पूर्ण सफल झाला होता. आता कोणालाच चढता येत नव्हतं. तरुण मंडळी खालच्या सपाटीवर, जिथे कारखाने आहेत आणि गाडी उभी करायला जागा आहे, तिथे राहायला गेली होती. वर उरली होती एकशे ऐंशी माणसं, चार चर्च, आणि त्या चारांत मिळून एक पाद्री.

मार्ग तीन: लाल, पिवळा आणि हिरवा. जो बोळ मार्गात येईल त्याच्या पायऱ्या नीट होणार होत्या, त्यात दिवा लागणार होता आणि चढावर लोखंडी कठडा बसणार होता. निधी प्रांताचा होता आणि तो मार्गाबाहेर एक वीतभरही वापरायचा नाही अशी अट होती. जे बोळ मार्गात येणार नाहीत त्यांच्यासाठी ठरावात ‘यथावकाश’ हा शब्द होता. नाझारेनोने चौतीस वर्षं या गावात टपाल वाटलं होतं. सरकारी पत्रातला ‘यथावकाश’ त्याला पाकीट न फोडता कळायचा.

त्याची थोरली बहीण सेत्तिमिया सांता आगाताच्या चढावर राहायची. या चढाला एकशे एकेचाळीस पायऱ्या, आणि तिचं दार शहाण्णवाव्या पायरीला. वय त्र्याऐंशी, उजव्या खुब्यात धातूचा सांधा. जानेवारीत ती एकटीच खाली निघाली आणि तिसाव्या पायरीवर घसरून बसली, ती दोन तास बसूनच राहिली. कारण हाक मारावी असं त्या चढावर आता कोणी राहतच नव्हतं. शेवटी नाझारेनो पाव घेऊन वर निघाला तेव्हा ती त्याला वाटेत सापडली. मोडलं काही नव्हतं. पण तिचा मुलगा इव्हानो खाली पियानेल्लात फरश्यांच्या कारखान्यात होता, त्याने तिथल्याच वृद्धाश्रमात आईच्या नावाने एक खाट सांगून ठेवली. दोन महिने फोनवर भांडणं झाली आणि मग तह झाला. ऑक्टोबरपर्यंत दाराशी कठडा आला, तर आई घरी राहील. नाही आला, तर इव्हानो गाडी घेऊन येईल.

नाझारेनो स्वतः वेशीजवळ एका खोलीत राहायचा. सेत्तिमियाने तिथे येऊन राहावं, हेही करून पाहिलं होतं. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांबद्दल दोघंही बोलत नसत.

“हिरवा मार्ग इकडून नेतो,” एके दिवशी तो पाव टेबलावर ठेवत म्हणाला.

“तू नेणार? तुला विचारतंय कोण?”

“विचारतील. सगळे बोळ माहीत असलेला मी एकटाच उरलोय.”

“उरलायस म्हणून विचारतील. हुशार आहेस म्हणून नाही.”

“ताई, कठडा हवाय का नको?”

सेत्तिमियाने पावाचं टोक मोडून तोंडात टाकलं आणि विचार केला. “हिरवा रंग मला कधीच आवडला नाही,” ती म्हणाली. “पण असू दे. पिवळा असता तर मी वृद्धाश्रमात गेले असते.”

विचारलं खरंच. पर्यटन समितीचा सभापती लोरिस पिएरान्तोनी याच्याकडे क्रीडा, स्मशान आणि प्राथमिक शाळा हीही खाती होती. शाळा बंद असल्यामुळे तिचं ओझं होत नव्हतं आणि स्मशान आपलं आपण चालत होतं. त्याने नाझारेनोला बोलावून घेतलं. तिथे प्रांताच्या गावाहून आलेले सल्लागार बसले होते, डॉक्टर फुल्विओ. कॉलेजातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला या देशात डॉक्टर म्हणतात. त्यामुळे मोंतेसोर्दोत डॉक्टर वरचेवर येत, फक्त दवाखाना उघडायचा राहून गेला होता. फुल्विओ पायी मार्गांचे तज्ज्ञ होते. डावा गुडघा दुखत असल्यामुळे ते हे काम बसून करत.

“काका, एकच अट आहे,” लोरिस म्हणाला. “चाळीस मिनिटांच्या आत बसलं पाहिजे. वेशीतून वर, चौकातून पलीकडे, आणि दुसऱ्या अंगाने खाली.”

चाळीस का, हे नाझारेनोला सांगायची गरज नव्हती. उत्तरेकडून असिसीला निघालेल्या भाविकांच्या बसला साडेचार तास नेमके मोंतेसोर्दोच्या वेशीखाली भरतात, आणि साडेचार तासांनंतर चालकाने पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यावी असा कायदा आहे. गावाचं सगळं पर्यटन या एका कायद्याच्या आधाराने उभं होतं. चालक झोपतो, तोवर प्रवासी इतिहास बघतात.

“सांता आगाताच्या चढावरून न्या,” नाझारेनो म्हणाला.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं. “अख्खा फेरा नऊशे मीटर दिसतोय. बारा मिनिटं पुरेत.”

“नकाशा सपाट आहे.”

“म्हणजे?”

“कागद सपाट असतो, डॉक्टरसाहेब. गाव तसं नाहीये.”

डॉक्टरांनी ‘उंचीचाही विचार व्हावा’ असं वहीत टिपून घेतलं आणि खाली रेघ मारली. “मग किती धरू?”

“उद्या घड्याळ लावून चालतो आणि सांगतो.”

लोरिसने क्रीडा खात्याच्या कपाटातून शर्यतीचं घड्याळ काढून दिलं. बटण दाबलं की चालू, दाबलं की बंद. फुटबॉलचा संघ होता तेव्हा ते घेतलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नाझारेनोने वेशीत बटण दाबलं आणि चढू लागला. बाविसाव्या पायरीपाशी भिंतीला बसण्याजोगा दगड आहे. तिथे त्याने बटण दाबून घड्याळ बंद केलं, दगडावर टेकला, दम खाल्ला, आणि पुन्हा बटण दाबून निघाला. कारंज्यापाशी बंद करून पाणी प्यायला. मारियामातेच्या कोनाड्यासमोर बंद करून छातीवर क्रूस काढला, आणि तिथल्या सुकलेल्या फुलांची जरा व्यवस्था केली. सेत्तिमियाकडे बंद करून कॉफी घेतली आणि तिची तक्रार ऐकली. तक्रार कॉफीपेक्षा लांब होती. फेरा पुरा करून तो वेशीत परत आला तेव्हा घड्याळात अडतीस मिनिटं वीस सेकंद झाली होती, आणि चर्चचे अकराचे ठोके पडत होते.

त्याने कागदावर लिहिलं: अडतीस.

त्यात लबाडी नव्हती. मोंतेसोर्दोत चालण्याचा वेळ असाच सांगतात. जेवताना बोललेलं कोणी खाण्यात धरत नाही, तसं वाटेत थांबलेलं चालण्यात धरत नाहीत. सकाळी बाजाराला गेलेली बाई दुपारी परत येते आणि दहा मिनिटं लागली म्हणते, आणि नवराही मान डोलावतो; कारण चालायला दहाच मिनिटं लागली, हे त्यालाही माहीत असतं. नाझारेनोची टपालाची फेरी चौतीस वर्षं कागदोपत्री दोन तास दहा मिनिटांची होती. तो आठला निघायचा आणि दीडला परतायचा. खात्याने कधी विचारलं नाही.

अडतीस हा आकडा डॉक्टरांना फारच आवडला. बारापेक्षा तो तिप्पट होता, म्हणजे उंचीचाही विचार झाला होता.

एप्रिलमध्ये लोहार आले. कठडा खालून वर बसवायला सुरुवात झाली, कारण उद्घाटनाची फीत खाली वेशीत लागणार होती आणि छायाचित्रात कठडा दिसायला हवा होता. कामाचे दोन टप्पे होते: पहिला उद्घाटनाआधी, दुसरा पहिल्या महिन्याचा अहवाल आल्यावर. पहिला टप्पा चौसष्टाव्या पायरीवर संपला. सेत्तिमियाने खिडकीतून मान काढून पाहिलं.

“अजून बत्तीस राहिल्या,” ती म्हणाली.

“जुलैत.”

“मी बघते, बघते आणि तो खाली थांबतो. आमच्या लग्नात बाबा असेच थांबले होते. चर्चच्या दारात. आत येईनात.”

“शेवटी आले ना?”

“आले. पण तोवर पाद्री चिडला होता.”

उद्घाटनाला बेर्गामोची बस मिळाली. एकेचाळीस म्हातारी माणसं, त्यांच्यापुढे शिट्टी घेतलेली एक निवृत्त शाळामास्तरीण. नगराध्यक्षांनी भाषण थोडक्यात केलं, म्हणजे भाषणात ‘थोडक्यात’ हा शब्द सात वेळा आला. फीत कापली. चालक सीट मागे पाडून झोपला. नाझारेनो गळ्यात घड्याळ अडकवून पुढे निघाला.

चौसष्टाव्या पायरीपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे कठडा संपला आणि मंडळी थांबली. पुढचा कठडा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. जुलैत, असं नाझारेनोने सांगितलं. मग कोणी कोणाचा दंड धरला, कोणी भिंत धरली, आणि रांग एकेक पायरी वर सरकू लागली.

सेत्तिमियाने फक्त खिडकीतून हात हलवावा असं ठरलं होतं. पण शहाण्णवाव्या पायरीवर घरातल्या सहाही खुर्च्या मांडलेल्या होत्या, पुढच्या पायऱ्यांवर उशा होत्या, आणि दारात सेत्तिमिया तिच्या निळ्या पोशाखात उभी होती. मागे टेबलावर वाइन आणि बडीशेप घालून भाजलेल्या कडक बिस्किटांच्या कड्यांच्या तीन परड्या होत्या. दोन दिवस ती भाजत होती. नाझारेनोला वास आला होता; त्याने विचारलं नव्हतं.

“बसा, बसा,” ती म्हणाली. “हा माझा भाऊ, याला घाई असते. टपालात होता, पण पत्रं कधी वेळेवर आली नाहीत.”

मंडळी बसली. एकाने पायऱ्यांवरचे दगड ठोकून पाहिले. तो गवंडी होता आणि दगड कुणी बसवले हे त्याला जाणून घ्यायचं होतं. सेत्तिमियाने तिच्या आजोबांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं सगळंच सांगितलं. एक बाई बसताना कण्हली.

“खुबा का?” सेत्तिमियाने विचारलं. “कुठला?”

“उजवा.”

“माझाही उजवा. पाऊस यायच्या आधी कळतं का तुम्हाला?”

“आदल्या दिवशी.”

“मला दोन दिवस आधी,” सेत्तिमिया म्हणाली, जराशा अभिमानानेच. मग हात वर करून मोजणी झाली. एकेचाळीस माणसांत धातूचे सांधे अकरा निघाले. शाळामास्तरणीचे दोन, ते तिने शिट्टी खाली ठेवून कबूल केले. लोक इतके हसले की खाली वेशीत ऐकू गेलं. त्या चढावर इतकी माणसं नाझारेनोने सेत्तिमियाच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेनंतर पाहिली नव्हती, आणि तेव्हा कोणी हसत नव्हतं. ती खुर्च्यांच्या मधून परडी घेऊन फिरत होती. काठी दाराला टेकवून ठेवली होती आणि ती विसरून गेली होती.

नाझारेनो भिंतीला टेकून उभा राहिला. मंडळी बसली तेव्हाच त्याने सवयीने बटण दाबून घड्याळ बंद केलं होतं. त्यात एकोणीस मिनिटं झाली होती. सगळं वेळेत चाललं आहे, असं त्याला वाटलं.

खालून भोंगा वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

बस तासाभराने उशिरा सुटली. असिसीत त्यांच्या नावाची प्रार्थना दुसऱ्याच मंडळींच्या उपस्थितीत झाली आणि जेवणही त्यांनीच जेवलं. आठवड्याने प्रवास कंपनीचं पत्र आलं. प्रवाशांची काहीच तक्रार नव्हती, उलट पाच जणांनी बिस्किटांची कृती मागितली होती. पण यापुढे त्यांच्या बस दुसऱ्या गावाखाली विश्रांती घेतील, असं पत्रात होतं.

समितीची बैठक सकाळी सव्वादहाला भरली. नऊची ठरली होती.

“एकशे सात मिनिटं, काका,” लोरिस म्हणाला.

“चालायला चाळीस. म्हातारी माणसं होती म्हणून दोन जास्त.”

“आणि बाकीची सदुसष्ट?”

“ती थांबण्याची.”

“थांबण्याचा वेळही धरतात, काका.”

“कधीपासून?”

लोरिसने डॉक्टरांकडे पाहिलं. “जगात सगळीकडे,” डॉक्टर फुल्विओ शांतपणे म्हणाले.

“लोरिस, तू आज घरून इथे किती वेळात आलास?” नाझारेनोने विचारलं.

“पाच मिनिटांत.”

“निघालास किती वाजता?”

लोरिस नऊला निघाला होता. नाझारेनोने त्याला कॉफी बारमध्ये पाहिलं होतं, मग न्हाव्याच्या दारात, मग पुन्हा कॉफी बारमध्ये. “ते वेगळं,” लोरिस म्हणाला. आणि ते वेगळंच होतं, कारण लोरिससाठी बस थांबलेली नव्हती.

बस कंपनीची समजूत काढण्यासाठी हिरवा मार्ग बदलण्यात आला. आता तो तटाच्या बाहेरून, सपाट डांबरी रस्त्याने जाणार होता. बावीस मिनिटं, वाटेत स्वच्छतागृह. मोंतेसोर्दोत न शिरता मोंतेसोर्दो पाहण्याची ही सोय डॉक्टरांनी सुचवली. कठड्याचा दुसरा टप्पा रद्द झाला. पुढच्या बत्तीस पायऱ्यांपुरता कठडा मात्र आधीच तयार होऊन आला होता, तो वाया जाऊ नये म्हणून नव्या मार्गात येणाऱ्या, बस उभी राहते त्या मैदानाभोवती बसवला. मैदान सपाट आहे.

“बत्तीस पायऱ्या, लोरिस,” नाझारेनो त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेला. “त्याच कठड्याने झाल्या असत्या.”

“मार्गाबाहेर लावता येत नाही, काका. मी प्रांताला लिहितो ना.”

“यथावकाश.”

लोरिस बूट बघू लागला. तो वाईट माणूस नव्हता. लहानपणी त्याच्या आजीचं निवृत्तीवेतन नाझारेनोच घरी नेऊन द्यायचा, आणि सेत्तिमियाने त्याला उचलून कडेवर घेतलं होतं. “हो,” तो म्हणाला. “यथावकाश.”

ऑगस्टमध्ये नाझारेनोने स्वतःच दोर आणला. चौसष्टपासून शहाण्णवपर्यंत भिंतीत आकडे ठोकून त्याने तो ताणला. सेत्तिमिया त्याला धरून दोनदा वर-खाली करून पाहून आली. तिसऱ्या दिवशी ऐतिहासिक भिंतीत विनापरवाना लोखंड ठोकल्याची नोटीस त्याच्या दारात आली. चौतीस वर्षांत इतकं जलद टपाल त्याने पाहिलं नव्हतं. नगरपालिकेने आकडे काढले, भोकं बुजवली, आणि दोर घडी करून परत दिला.

“माझ्या बिस्किटांमुळे झालं का रे हे?” सेत्तिमियाने एकदा विचारलं.

“नाही,” नाझारेनो म्हणाला. “नकाशामुळे.”

“तरी मला वाटलंच. फोटोत त्या डॉक्टरचे बूट पाहिलेस? पांढरे.”

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इव्हानो गाडी घेऊन आला आणि वेशीत थांबला. सामान त्याने आधीच नेलं होतं. नाझारेनो वर गेला. सेत्तिमियाने दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली, आणि किल्लीचं काय करावं ते न कळल्यामुळे भावाच्या खिशात टाकली.

पहिल्या बत्तीस पायऱ्या ती त्याचा खांदा धरून उतरली. दर चार पायऱ्यांनी थांबली. चौसष्टाव्या पायरीवर तिने कठड्यावर हात ठेवला.

“थंड आहे,” ती म्हणाली.

“लोखंड आहे.”

“चांगला बसवलाय. हलत नाही.” तिने एकदा हलवून पाहिला. “माझ्या दाराशी असता तर मी रोज उतरले असते.”

 मारियामातेच्या कोनाड्यासमोर तिने फुलं नीट केली. कारंज्यापाशी ती पाणी प्यायली. बाविसाव्या पायरीच्या दगडावर दोघं बसली, आणि तिथून इव्हानोची गाडी दिसत असल्यामुळे बराच वेळ बसली. इव्हानोने दोनदा फोन केला.

“किती वेळ लावलात,” ती वेशीत पोचल्यावर तो म्हणाला. “पावणेदोन तास होत आले, आई.”

“नऊ मिनिटं,” सेत्तिमिया म्हणाली आणि गाडीत बसली.

वेशीतली हिरवी पाटी तशीच राहिली, कारण पाट्या लावण्याचा निधी आला होता, काढण्याचा नव्हता. त्यावर बाण आहे, आणि लिहिलं आहे: सांता आगाता, फेरा, ३८ मिनिटं. नाझारेनोला आता वर पाव न्यायचा नव्हता. तरी नोव्हेंबरात एकदा, घरात सापडलेलं शर्यतीचं घड्याळ लोरिसला परत करायच्या आधी, त्याने वेशीत बटण दाबलं आणि निघाला. दगडावर त्याला बसावंसं वाटलं नाही. कारंजं हिवाळ्यापुरतं बंद केलेलं होतं. कोनाड्यासमोर त्याने चालता चालताच क्रूस काढला. शहाण्णवाव्या पायरीवरून तो नुसता गेला. चौक, पलीकडचा उतार, पुन्हा वेस. बटण दाबून पाहिलं तर अडतीस मिनिटं वीस सेकंद. चर्चच्या घड्याळातही तेवढीच मिनिटं गेली होती.

पाटीखाली तोरिनोचं एक जोडपं उभं होतं. गाडी कठडा लावलेल्या मैदानात ठेवून आलेलं.

“काका, इथलेच ना तुम्ही?” त्यातल्या माणसाने विचारलं. “ही वेळ बरोबर आहे का? अडतीस मिनिटं? लोक काहीही लिहितात.”

नाझारेनोने पाटीकडे पाहिलं.

“उन्हाळ्यात चुकीची होती,” तो म्हणाला. “आता बरोबर आहे.”